बर्फाला हात लागत नाही

आत्या, फ्रिज चालू आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी घरातली सगळी बटणं एकेक करून बंद केली. रेडिओ, कूलर, भर दुपारी उगीच चालू राहिलेली ट्यूब. फ्रिजच्या बटणापाशी मात्र त्यांचा हात थांबला. आत तू लावलेलं दही होतं. त्या दह्याचं काय करायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही. ते अजून तिथंच आहे. वर पाणी सुटलंय.

लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. सिस्टरबाईंचा हात हलका होता, त्यांचं इंजेक्शन टोचलेलं कळायचं नाही. मी दाराशी बसून ऐकते. मला जे आठवतं ते आलेल्या लोकांना सांगण्यासारखं नसतं. परवा एक बाई तुझं नाव घेऊन रडत होत्या आणि मला आठवत होता टोस्टर.

शाळेतल्या एका मैत्रिणीकडे तो मी पाहिला होता. पाव भाजला की टक् करून वर यायचा. घरी येऊन मी तुला सांगितलं, आपण घेऊ या. तू ड्यूटीवरून येऊन पाय धूत होतीस.

"पाव भाजायला तवा हाय की घरात."

"पण तो आपोआप वर येतो, आत्या."

"वर येऊन काय करतो मग?"

"काही नाही. वर येतो."

"हे बघ. तुझ्या आईच्या कमरेचं कोणतं काम त्यानं कमी होतंय ते सांग, मी आत्ता पिशवी घेऊन निघते."

तेव्हापासून दुकानातली प्रत्येक वस्तू मी आईच्या कमरेपाशी नेऊन बघते. कुकर तुझ्या परीक्षेत पहिला पास झाला, कारण त्यानं आईचं चुलीपुढं फुंकत बसणं थांबवलं. मिक्सरही पास झाला. पाट्यावर वाटून आईचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. पाणी तापवायचा रॉड आधी पास झाला, पण पप्पांना त्याचा झटका बसला तेव्हा तू त्याची वायर कात्रीनं तुकडे तुकडे करून टाकलीस. आई म्हणाली, भंगारवाल्याला तरी दे. तू म्हणालीस, "तो कुणाला तरी विकंल. दुसऱ्याच्या घरी मरायला नको."

पप्पांची परीक्षा वेगळी होती. उचलून निघता येत नाही ते घरात नको. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावातलं आपलं घर जाळलं तेव्हा मी इतकी लहान होते की मला फक्त वास आठवतो. घराचा वास इतका वाईट असू शकतो हे तेव्हा कळलं असावं. पप्पांनी जाताना शिलाई मशीनचं डोकं तेवढं उचललं. खालचं टेबल, पायडल, चाक सगळं तिथं राहिलं. परभणीला आल्यावर कितीतरी दिवस ते लोखंडी डोकं भाड्याच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेलं होतं. त्यावर शिवता येत नव्हतं, पण ते उचलता आलं होतं. पप्पांनी नंतर जे जे घेतलं ते सगळं त्या मापाचं घेतलं. पलंग नाही, गाद्या. कपाट नाही, ट्रंका.

आणि तू फ्रिज आणलास.

मी तेव्हा आठवीत होते. हातगाडीवर दोरानं बांधून आणलेला, पांढरा, माझ्याहून उंच. गाडीवाले आणि दुकानातली माणसं मिळून त्याला आडवा तिडवा करत दारातून आत नेत होती. पप्पा ऑफिसातून येऊन पायरीवरच उभे राहिले.

"हे कोण उचलणार?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"कुणी न्हाई," तू म्हणालीस. "मनूनच घेतलं."

पप्पा चप्पल न काढता परत बाहेर गेले. जेवायला आले तेव्हा फ्रिजकडे बघितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, त्यांनी त्याच्या पायांखाली लाकडाचे चौकोनी तुकडे ठेवले होते, ओल लागू नये म्हणून. तुम्ही दोघं त्यावर पुन्हा कधी बोलला नाहीत. ते भांडण तुम्ही तसंच ठेवून दिलंत. आता पप्पा त्या तुकड्यांवरची धूळ रोज पुसतात.

आणखी एक भांडण तुझं आणि माझं होतं. तेही तसंच राहिलं. ते मात्र मला ठेवून देता येत नाही.

शेजारच्या काकूंना बर्फ पहिल्यांदा लागला तो त्यांच्या सासूबाईंच्या तापासाठी. शेतीवाडीचं मोठं घर त्यांचं. पोखर्णीच्या रस्त्याला जमीन, मुलं शिकायला पुण्याला. आपल्या घरातल्यासारखे दहा फ्रिज घेता आले असते. पण सासूबाईंनी एकदा सांगून टाकलं होतं की शिळं खायची पेटी या घरात येणार नाही. त्यामुळे काकू दोन घरांमधल्या भिंतीपाशी आल्या. हातात स्टीलचं भगुणं. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणायच्या.

"सिस्टरबाई, जरा बर्फ हाय का ओ? आत्याबाईंचा ताप उतरंना गेला."

तू आतून अॅल्युमिनियमचा ट्रे आणलास, त्याचा दांडा उचललास, कडकड आवाज झाला. काकूंनी भगुणं भिंतीवर ठेवलं आणि हात मागे घेतला. तू वरून बर्फ टाकलास. मग त्यांनी भगुणं उचललं. दोघींचे हात एका वेळी त्या भगुण्याला लागले नाहीत. तुम्हा दोघींना ते इतकं सहज जमलं की जणू पुष्कळ सराव होता. आणि सराव होताच. मिरच्या, हळकुंडं, धणे असंच भिंतीवरून यायचं आणि आपल्या मिक्सरमधून तिखट, हळद होऊन भिंतीवरून जायचं. काकूंचा एक हिशोब होता. "कोरडं हाय ना, मग चालतंय." ओलं चालत नव्हतं. आईनं एकदा खोबऱ्याची चटणी देऊ केली तेव्हा काकू हसून म्हणाल्या, आज आमच्याकडं उपास हाय. उपासाला खोबरं चालतं, हे आईला आणि त्यांनाही माहीत होतं.

म्हणून बर्फ गेला तेव्हा मी मनातल्या मनात अडले. बर्फ कोरडा की ओला? काकूंनाही कुणीतरी विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या आपल्या अंगणाकडे तोंड करून पण त्यांच्या घरातल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बर्फाला काय, तो करंटानं होतो. त्याला हात कुठं लागतो?"

तू घरात येऊन आधी पदर तोंडाला लावलास. मग पाटावर बसून हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ट्रेत पाणी काय करंट भरतंय का गं?"

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "मग सांग ना त्यांना."

"कामून?"

"खरं आहे म्हणून."

"सांगितलं तर बर्फ बंद होईल."

"होऊ दे."

"आनि म्हातारीचा ताप?"

"त्यांच्या घरी त्यांनी फ्रिज घ्यावा."

तू माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा तू हसत नव्हतीस. "तुझ्या शाळेत तुला कुणी पाणी देतं का?"

"देतात."

"तू कोन हायस ते त्यांना माहीत हाय?"

शाळेत मी माझं पूर्ण नाव लिहायचे, पण बोलायचे कमी. माझं इंग्रजी चांगलं होतं, आणि इंग्रजीत कुणी मला गाव विचारत नव्हतं. तू मला त्या शाळेत घातलंस तेव्हा ते मनात धरून घातलंस की नाही, हे मी तुला कधी विचारलं नाही.

"मग मी बी सांगत न्हाई," तू म्हणालीस. "त्यांचा हिशोब त्यांच्यापाशी. बर्फ नेता नेता एक दिवस त्या पाणी पितील. मी बघते."

ही तुझी पैज होती. फ्रिज कशासाठी घेतला, त्याचं खरं कारण हेच होतं असं मला वाटतं. दुधासाठी, दह्यासाठी, आईच्या कमरेसाठी तर होताच. पण उन्हाळा लागला की तू सकाळी सगळ्यांत आधी ट्रे भरायचीस आणि काकूंची वाट बघायचीस. त्या आल्या की म्हणायचीस, "वैनी, या की आत. पानी प्या, मग जा." आणि त्या म्हणायच्या, "आता नको ओ, घाईत हाय." प्रत्येक उन्हाळ्यात. तुझा आवाज कधी कडू झाला नाही. माझा मात्र होत गेला. मी म्हणायचे, आत्या, त्या आपल्याला नुसत्या वापरतात. तू म्हणायचीस, "वापरू दे. वापरायसाठीच घेतलाय." मी म्हणायचे, फ्रिज नाही, आपल्याला. तू ट्रे परत भरायला उठायचीस.

या उन्हाळ्यातही आपण हेच बोललो. तुझ्या शेवटच्या आठवड्यात. मी तुला त्या आठवड्यात दुसरं काय बोलले ते आठवायचा प्रयत्न करते. काही आठवत नाही.

तुझी पिंगळीच्या बाजूला लसीकरणाची फेरी होती. दुपारच्या पॅसेंजरनं तू परत आलीस, स्टेशनवरून चालत. खांद्याला लसीची पेटी. अंगणात आलीस तेव्हा तुझा चेहरा लाल होता आणि घाम अजिबात नव्हता. हे बरं लक्षण नाही हे तूच मला शिकवलं होतंस, पण त्या क्षणी ते तुला आठवलं नाही आणि मलाही उशिरा आठवलं. तू ओट्यावर बसलीस, पेटी मांडीशी घेतलीस.

"डोकं लय दुखायलंय."

सकाळपासून लाइट नव्हती. मी फ्रिज उघडला, तर ट्रेत कोमट पाणी. शेवटचा घट्ट बर्फ सकाळीच भिंतीवरून गेला होता. मी पेटीला हात घातला, तिच्यात बर्फाच्या पिशव्या असतात हे मला माहीत होतं. तू झाकणावर हात ठेवलास.

"हात लावू नको त्याला. उद्याची लस हाय."

"आत्या, दोनच पिशव्या."

"न्हाई मनले ना."

तुझ्यापुढे माझं कधी चाललं नाही, तेव्हाही चाललं नाही. मी भिंतीकडे पळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी काकूंना मोठ्यानं हाक मारली. सकाळचा बर्फ त्यांनी थर्मासमध्ये ठेवला होता, सासूबाईंसाठी. त्यांनी तो भिंतीवरून दिला नाही. थर्मास घेऊन त्या रस्त्यानं फिरून, फाटकातून, चपला अंगणात टाकून आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तुझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि बर्फ तुझ्या कपाळाला, मानेला, तळपायांना लावला. उघड्या हातानं.

तू डोळे उघडलेस, त्यांना ओळखलंस. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "काकूंना पानी दे."

मी माठातलं पाणी आणलं, आपल्या नेहमीच्या पेल्यात. काकूंनी पेला हातात घेतला. मी बघत होते, आत्या. अशा वेळीही मी तेच बघत होते. त्यांनी टॉवेल पुढे ओढला, पेला त्यावर रिकामा केला आणि ओला टॉवेल तुझ्या छातीवर टाकला.

"आधी हिचं बघू," त्या म्हणाल्या.

बरोबरच होतं ते. कुणीही तेच केलं असतं. पण तू तो पेला पाहिलास का, रिकामा होताना? तुझे डोळे तेव्हा उघडे होते की मिटले होते? मी इतकं सगळं बघत असते आणि तेवढंच माझं बघायचं राहिलं.

पप्पा रिक्षा घेऊन आले. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, ऊन फार लागलं होतं, बर्फ आधी मिळाला असता तरी काही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या दवाखान्यातला माणूस पेटी न्यायला आला. त्यानं झाकण उघडून बघितलं, आत हात घातला आणि म्हणाला, "एकदम गार हाय. एकपन लस वाया गेली न्हाई." आईला ते ऐकून बरं वाटलं. मला ती पेटी अंगणात आपटावीशी वाटली. मी तिचा पट्टा गुंडाळून ती त्याच्या हातात दिली.

काकू भेटायला आल्या. बायकांमध्ये बसल्या, रडल्या. खोटं रडत नव्हत्या. आईनं सवयीनं मला खूण केली, मी पाणी घेऊन गेले. काकूंनी हात जोडले. "राहू दे बाई. अशा वेळी घेत न्हाईत." बाकीच्या बायकांनीही घेतलं नव्हतं. दुःखाच्या घरात पाणी घेत नाहीत, आपल्याकडेही खेड्यात कितीजण घेत नाहीत. त्या घरी गेल्यावर भिंतीपलीकडून बादलीचा आवाज आला आणि सासूबाईंचा, "डोक्यावरून घे गं." मयताच्या घरून आलं की सगळेच डोक्यावरून अंघोळ करतात. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ही अंघोळ तुझ्या मरणाची की मांडीवर घेतलेल्या तुझ्या डोक्याची, हे पाण्याच्या आवाजावरून कळत नव्हतं. मरण आलं आणि त्यांच्या प्रत्येक नकाराला एक चांगलं कारण मिळालं. तुझी पैज जिंकली की हरली, हे विचारायलाही जागा राहिली नाही.

पप्पा म्हणाले, जलदानाला शेजाऱ्यांना सांगून ये. मी गेले. आपल्या बौद्ध रीतीत जलदानाला सूतक नसतं, त्या दिवशी घरात जेवण असतं. त्या दिवशी नाही म्हणायला कारण उरणार नव्हतं. मला जायची भीती वाटत होती ती याचीच.

"येते की," काकू म्हणाल्या. "येनार न्हाई का मी?"

आणि आल्या. पांढरं पातळ नेसून आल्या, उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून बसल्या. पप्पांनी आणि मी मिळून तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटी भरून सांडेपर्यंत ओतायचं असतं तसं. तांब्या बराचसा मीच धरला होता. ते पाणी ताटलीत सांडत होतं तेव्हा काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मला वाटलं, आज होईल. आत्या, मी मनात तुला तसं म्हणालेसुद्धा.

मग ताटं मांडायला घेतली. काकू उठल्या. आईचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी.

"आत्याबाईंच्या गोळीचा टाइम झाला. येते मी."

आईनं म्हटलं, घोटभर पाणी तरी. काकू म्हणाल्या, पुन्हा येईन ना.

पंगत बसली. मी वाढलं. तुझ्या आवडीची वांग्याची भाजी होती आणि ती चांगली झाली होती, सगळे तसं म्हणाले.

काल दुपारी त्या भिंतीपाशी आल्या. हातात भगुणं. मी खिडकीतून बघत होते. शेवटी म्हणाल्या, "बाळ, बर्फ हाय का गं?"

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. त्यांनी भगुणं भिंतीवर ठेवून हात मागे घेतला. मी ट्रेचा दांडा उचलला नाही. इतक्या वर्षांत तू जे मला बोलू दिलं नाहीस ते बोलायला मी तुझ्याच जागेवर उभी होते.

"काकू, ट्रेत पाणी मी भरते. आधी आत्या भरायची. हातानं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. थकलेल्या दिसत होत्या.

"माहीत हाय की मला," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून माहीत हाय. उगं म्हातारीपुढं काढलं होतं ते करंटाचं."

मग हळूच भगुणं थोडं माझ्याकडे सरकवलं.

मी बर्फ टाकला. त्यांनी तो पदराखाली झाकला आणि गेल्या.

त्यांना माहीत होतं, आत्या. इतके उन्हाळे तू तोंडाला पदर लावून हसलीस, मला गप्प केलंस, त्यांचा हिशोब मोडू नये म्हणून जपत राहिलीस, आणि मोडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. तू सांगितलं असतंस तरी बर्फ बंद झाला नसता. पाणीही सुरू झालं नसतं. बर्फ म्हणजे आपलंच पाणी, हे ठाऊक असून त्या ताटं मांडताना उठल्या. अडाणीपणा असता तर मला चाललं असतं. तुला वाट बघायला त्यात जागा होती.

हे तुला कळलं नाही, हे बरं झालं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तू असतीस तर तू काय म्हणाली असतीस तेही मला ऐकू येत नाही. एरवी तुझं बोलणं मला तू बोलायच्या आधी ऐकू यायचं.

आईला अजून सांगितलेलं नाही. पप्पांना सांगणार नाही. ट्रे ओट्यावर रिकामा पडलाय. काकू उद्या पुन्हा येतील, म्हातारीला या उन्हात बर्फ लागेल. मला आत जाऊन नळ सोडायचा आहे आणि अजून माझ्यानं उठवत नाही.